खालच्या खोलीतली म्हातारी

हॉटेलच्या भटारखान्यात पाऊल टाकलं रे टाकलं, की कुठे काय नासलंय ते तपासनीसबाईंच्या नाकाला आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून. सगळी नोकरीच त्यात गेलेली. फ्रीजच्या रबरात साचलेली बुरशी, ओट्यामागे संसार थाटून बसलेली झुरळं, परवाचं तेल आजच्या कढईत; बाईंनी काय म्हणून पाहिलं नव्हतं? हॉटेलवाले त्यांना टरकून असत. आणि या बाईंच्या स्वतःच्या घरी, तळमजल्यावरच्या न्हाणीघरात, निळ्या पिंपात काळपट रबरबाट आंबत पडलेला, त्यावर हिरवट-पांढऱ्या बुरशीची साय, आणि त्यात बुडालेले लोखंडाचे तुकडे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पिंपात होती मळी. साखर करताना जी काळी, चिकट घाण उरते ती. पाण्यात कालवून तिच्यात गंजकं लोखंड भिजत घातलं की गंज सुटतो म्हणे. सुटत असेल बापडा. पण वास! कुजलेली फळं आणि शिळी दारू एकत्र करून उन्हात ठेवावी तसा. बाई आंघोळीला वर जायच्या, तरी केसांना तो वास चिकटायचाच.

मळीत भिजत होते ते एका विलायती गाडीचे अवयव. दोन माणसांची, बिनटपाची, बुटकी स्पोर्ट्स कार. कधीकाळी इंग्लंडात बनलेली आणि तेव्हापासून जाईल तिथे गळत, गंजत आलेली. बाईंच्या नवरोबांनी ती घरी आणली होती, स्वतःच्या हातांनी पुन्हा नवी करायला. नवरोबा विमा कंपनीत अधिकारी. मऊ आवाज, कुणाला कधी उलट उत्तर नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, "तुमचे हे म्हणजे अगदी गरीब गाय हो." बाईही इतकी वर्षं तेच धरून चालल्या होत्या.

गाडी ठेवली होती खालच्या खोलीत. ही खोली पूर्वी दुकान होती, म्हणून तिला गल्लीच्या बाजूने रुंद दुपाखी दार, आणि आतून न्हाणीघर नि संडास. बाकी झोपायच्या खोल्या सगळ्या वर, आणि जिना असा उभा की धडधाकट माणसालाही मध्ये थांबून श्वास घ्यावा लागायचा. इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. बाईंची आई तिच्या घरात एकटी असताना पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग चालायला शिकवतात अशा केंद्रात तिला ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं, "जिना अजिबात नाही. संडास पलंगाजवळ हवा. आणि एकटं राहणं आता विसरा." बाई एकुलत्या एक. म्हणजे आई येणार ती याच खोलीत, नाहीतर वृद्धाश्रमात. वृद्धाश्रम हा शब्द निघाला की आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाईंना तेवढं पुरे होतं.

आई पडली, आणि पुढच्याच आठवड्यात गाडी घरात आली. "आईंना यायला अजून अवकाश आहे ना," नवरोबा म्हणाले, "तोवर होऊन जाईल. तरुणपणापासूनचं स्वप्न आहे गं माझं." बाईंना त्या दिवसांत हॉस्पिटलातून मान वर करायला फुरसत नव्हती. त्या "बरं" म्हणाल्या.

बरं म्हणाल्या आणि भोगलं. गाडीची सीट उसवली तर काथ्यात उंदराचं घरटं, आणि घरट्यात वाळून कडक झालेली पिल्लं. नवरोबांनी ती गोळा केली कशात, तर बाईंच्या भाजी धुवायच्या चाळणीत. "धुऊन ठेवतो ना," म्हणाले. बाईंनी चाळणी कचऱ्यात टाकली. मग कार्ब्युरेटर सुटा करून कपड्यांच्या पावडरीत उकळला, तो दुधाच्या पातेल्यात. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीला खेटून बेअरिंगं. ती गारठली की आकसतात आणि मग जागेवर झकास बसतात, हे शास्त्र बाईंनी जेवताना ऐकून घेतलं. टॉवेलाला ऑइल, दाराच्या कडीला ऑइल, उशीच्या अभ्र्यावर कानाच्या मापाचा ऑइलचा डाग.

"अहो, हे घर आहे की गटार?"

"म्हातारी आहे गं ती," नवरोबा हसून म्हणायचे. "म्हातारपणी गळायचंच, वास यायचाच. आपण सांभाळून घ्यायचं."

गाडीला ते म्हातारी म्हणत. तिच्या पोटाखाली पुठ्ठा टाकून तासन्‌तास उताणे पडून राहत. गळेल तिथे ताटली सरकवत, ताटली भरली की ओतून, पुसून पुन्हा ठेवत. बाईंच्या अंगावर शहारे यायचे. पण एखादे वेळी त्यांना वाटायचं, ज्या माणसाला लोखंडाची एवढी माया, तो माझ्या आईला काय कमी करणार?

आई शनिवारी घरी यायची असं ठरलं. आधीच्या रविवारी सकाळी बाईंनी निक्षून सांगितलं, खोली रिकामी पाहिजे. नवरोबांनी मान डोलावली आणि ब्रेकमास्तरांना बोलावलं. हे ब्रेकमास्तर म्हणजे निवृत्त फिजिक्सचे शिक्षक आणि गावातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचे स्वयंघोषित अध्यक्ष. आवाज असा, की शेजारच्या घरात झोपलेलं पोर उठून बसावं. दुसऱ्याच्या गाडीत बसले की बसल्या जागी पाय दाबून ब्रेक मारायचे, म्हणून हे नाव.

मास्तरांनी आल्या आल्या गाडीच्या दाराखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला. तिथे दोन्ही बाजूंना लांब पोकळ पेट्या असतात. लाल रंग नुसता चकाकत होता. मास्तरांनी जरा जोर दिला आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मग पुट्टीचं ढेकूळ सुटलं. ढेकळामागे जाळी, जाळीमागे कुजलेलं वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रामागे कुण्या पुरुषाचा राखाडी मोजा, ओला, बुळबुळीत, आत गोगलगाय बसलेली.

"शी!" बाईंनी तोंडाला पदर लावला. "माणसं आहेत की कोण!"

"वहिनी, माणसंच," मास्तर गरजले. "गंजाला भोक पडलं, मोज्याने बुजवलं, वर लिंपून रंग फासला आणि टाकली दुसऱ्याच्या गळ्यात! पण तुम्ही काळजी सोडा. आज आम्ही दोघं हिला आधार देऊन ठेवतो. शुक्रवारी चार माणसं आणतो, ढकलत माझ्या शेडमध्ये नेतो. खोली तुमची."

बाईंच्या जिवात जीव आला. त्या डबा घेऊन केंद्रात गेल्या. आई वॉकर धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून दाखवत होती. "शनिवारी येतेस," बाई म्हणाल्या. आईने विचारलं, "जावईबापूंना अडचण नाही ना होणार?" बाईंनी तिला वेड्यात काढलं.

बुधवारी बाई कामावरून परतल्या तर नवरोबा खोलीच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसलेले. आत गाडी मधोमध खचून पडलेली. पुढचं नाक वर, मागचं शेपूट वर, आणि पोट फरशीला टेकलेलं. बसताना ऑइलची कुठली तरी नळी फुटली होती. काळं थारोळं न्हाणीघराच्या दारापर्यंत गेलं होतं.

"चुकलं गं माझं," नवरोबा म्हणाले. "गंजलेला भाग आधीच काढून टाकावा म्हटलं. दोन्ही बाजू कापल्या आणि खाडकन बसली. मला काय माहीत? आता हलवली तर तुकडे होतील. लोखंडी सांगाडा बनवून त्यावर घ्यावी लागेल. तीन-चार महिने तरी धरून चाल."

"आणि आई?"

"तेवढ्यापुरतं आश्रमात ठेवू ना. नदीपलीकडचा तो चांगला आहे. स्वच्छ आहे. मी चौकशी केलीय."

चौकशी कधी केलीत, हे विचारायचं बाईंना सुचलंच नाही. कसं सुचणार? समोर बसलेल्या माणसाच्या जन्माच्या स्वप्नाचं पोट फरशीला टेकलं होतं. बाईंना दया आली हो! त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आलं घालून चहा केला, थारोळं स्वतः फडक्यांनी टिपलं. गृहस्थ जेवले मात्र व्यवस्थित. भात दोनदा घेतला.

पण बाई हातावर हात ठेवून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. गुरुवारी नवरोबा ऑफिसला गेल्यावर त्यांनी रजा टाकली आणि मास्तरांना फोन केला. काहीतरी युक्ती असेल, चार माणसांऐवजी आठ आणू. मास्तर आले, दारात उभे राहिले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बसला.

"हे कुणी केलं?"

"ह्यांच्याच हातून चूक झाली हो. बिचारे फार..."

"चूक?" आवाज परत आला. "कसली चूक? अहो वहिनी, या गाडीला छप्पर नाही. त्या दोन पेट्या म्हणजे हिचा कणा. त्या कापण्याआधी दारांच्या जागी आधाराला आडवे लोखंडी अँगल वेल्ड करायचे असतात, आणि तरीही एका वेळी एकच बाजू कापायची. रविवारी तुम्ही गेल्यावर मी माझ्या हातांनी अँगल वेल्ड केले. कुठे गेले ते?"

अँगल कोपऱ्यात पडले होते, वर एक पोतं टाकलेलं. मास्तरांनी एक उचलून बाईंच्या हातात दिला. कापलेली टोकं चांदीसारखी चकाकत होती.

"वेल्ड केलेलं लोखंड आपोआप गळून पडत नाही," मास्तर म्हणाले. "ग्राइंडर घेऊन एकेक सांधा कापावा लागतो. आणि मी त्याला निघताना काय बजावलं होतं? म्हटलं, हे अँगल काढून दोन्ही पेट्या कापल्यास तर हिची घडी होईल, आणि मग महिनोन्‌महिने ही या खोलीतून हलायची नाही. त्यावर हा विचारतो, 'खरंच? महिनोन्‌महिने?' मी म्हटलं हो. तर पुन्हा विचारलं. मला वाटलं, घाबरला." मास्तरांनी डोकं खाजवलं. "पण असं कशाला करेल तो? जीव होता त्याचा हिच्यावर."

कशाला ते बाईंना त्या क्षणी लख्ख कळलं. पुढच्याच आठवड्यात आलेली गाडी. नेमकी याच खोलीत. आधीच केलेली चौकशी. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या आगीबरोबर पोटातून काहीतरी आंबट घशाशी आलं. अख्ख्या नोकरीत कुठल्याही भटारखान्यात त्यांना असं झालं नव्हतं. मास्तरांना मात्र त्या काही बोलल्या नाहीत. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मास्तर, ही बाहेर कशी निघेल तेवढं सांगा."

"आता? मधोमध कापून, दोन तुकडे करूनच. पण ते पाप मी करणार नाही."

"तुम्हाला कोण सांगतंय?" बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त उद्या टेम्पो पाठवा."

संध्याकाळी नवरा घरी आला. आता त्याला अहोजाहो कसलं! बूट काढले, हात न धुताच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "चहा टाकतेस?" बाईंनी कापलेला अँगल त्याच्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"हा कुणी कापला?"

"तो होय? तो नीट लागला नव्हता गं, म्हणून..."

"मास्तर येऊन गेले."

"त्यांचं वय झालंय. त्यांना आठवत..."

"खरं बोल," बाई म्हणाल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या त्याला पहिल्यांदा एकेरीवर आल्या होत्या, आणि तेही त्याच्या लक्षात आलं.

त्याने अँगल हलकेच बाजूला सारला. मग त्याच मऊ आवाजात म्हणाला, "मला नाही जमणार गं. आई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल काही नाही. पण ते सगळं... ते भांडं, ते डायपर, रात्रीचं खोकणं, कवळी पेल्यात. म्हाताऱ्या माणसाचा एक वास असतो. घरभर पसरतो. जेवताना माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. मला किळस येते."

त्याच्या नखांत काळं ग्रीस बसलेलं होतं. बाहीला मळीचा वास येत होता. बाईंनी त्या हातांकडे पाहिलं आणि त्यांना हसूही येईना, रडूही येईना.

"मग तोंडाने सांगायचं होतंस. कडाकडा भांडलो असतो."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"तेच ना," तो म्हणाला, जणू त्याचं म्हणणं सिद्ध झालं. "उगाच वाद झाला असता. तुला दुखवायचं नव्हतं मला. आजवर माझ्या तोंडून कुणाला वाईट शब्द गेलाय का?"

गोगलगाय आणि पोटात पाय! केसाने गळा कापायचा आणि वर म्हणायचं, सुरी नाही ना लावली. बाईंना वाटलं, याने आईला शिव्या घातल्या असत्या तर आपण याला माफ केलं असतं. या माणसाच्या उष्ट्या कपातून आपण चहा प्यायलो, याच्या शेजारी झोपलो, काल तर याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी तो हात साबणाने धुतला, आणि पुन्हा एकदा धुतला.

"उद्या रजा टाक," त्या हात पुसत म्हणाल्या. "तूच कापायची. माझ्यासमोर."

शुक्रवारी सकाळी त्याने ग्राइंडर हातात घेतला. बाई दारात बादली आणि फिनेलची बाटली घेऊन उभ्या. ठिणग्या उडाल्या, जुना रंग करपला, आत कुठेतरी राहिलेलं उंदराचं घरटं धुमसलं आणि जळक्या केसांचा वास खोलीभर झाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. धुराचं नव्हे, हुंदके ऐकू येत होते. आई हॉस्पिटलात होती तेव्हा हा माणूस वॉर्डच्या दारापर्यंत येऊन फळांची पिशवी नर्सकडे देऊन जायचा. "आजारी माणसाला त्रास नको," म्हणायचा. बाईंना ते हुंदके ऐकवेनात. शिसारी आली नुसती.

दोन तुकडे टेम्पोत चढले तेव्हा गल्ली गोळा झाली होती. अगबाई, एवढी सुंदर गाडी! कापली? कशाला हो? कुणीतरी म्हणालं, त्यांच्या सासूबाई येताहेत ना उद्या, खोली पाहिजे. मग काय, तोंडात तीळ न भिजणाऱ्या बायका त्या. टेम्पो कोपऱ्यावर वळायच्या आत गोष्ट चार घरं पुढे गेली होती.

बाईंनी पिंप उलटं केलं. मळी गटारातून अशी फसफसत गेली, की दुसऱ्याच्या दारात ती दिसती तर बाईंनी तिथेच दंड ठोकला असता. फरशी सोड्याने घासली, भिंती घासल्या, पुन्हा फरशी घासली. संध्याकाळपर्यंत खोलीत पलंग आला, चादर आली, न्हाणीघरात धरायला दांडी बसली. नवरा वर पडून होता. त्याला जेवायला कुणी हाक मारली नाही.

शनिवारी दुपारी अँब्युलन्स दारात थांबली. बाईंनी आईला चाकांच्या खुर्चीत बसवून आत आणलं, मागोमाग शेजारच्या तिघीजणी. आईने खोली बघितली, दांडी बघितली, खिडकी बघितली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. बाईंना वाटलं, जिंकलो.

"तुमच्या जावयाने काय केलं ठाऊक आहे का?" शेजारीण म्हणाली. "एवढी जिवापाड जपलेली गाडी, तुम्हाला खोली व्हावी म्हणून कापून काढली हो! स्वतःच्या हातांनी. डोळ्यांतून पाणी गळत होतं बिचाऱ्याच्या. मी बघितलं."

आईने दाराकडे मान वळवली. "कुठायत ते?"

तो जिन्यावरून खाली येतच होता. आंघोळ केलेला, इस्त्रीचा शर्ट. आईने दोन्ही हात पुढे केले, आणि त्याला ते धरावे लागले.

"जावईबापू, माझ्यापायी गाडी मोडलीत?"

त्याने क्षणभर बाईंकडे पाहिलं. बाईंचे डोळे त्याच्यावरच होते. दोन शब्द पुरे होते. ते जिभेवर आले होते, शेजारणींच्या देखत, तोंडावर. पण ते ऐकून आई या खोलीत घटकाभर तरी थांबली असती का? नदीपलीकडच्या त्या स्वच्छ आश्रमात तिने स्वतःहून जायचं म्हटलं असतं, आणि कुणाच्या बापालाही तिला अडवता आलं नसतं. बाईंनी ओठ घट्ट मिटले. त्याने ते मिटलेले पाहिले आणि त्याचे खांदे सैल झाले.

"त्यात काय एवढं, आई," तो मऊ आवाजात म्हणाला. "गाडी काय, दुसरी येईल. आधी तुम्ही."

शेजारणींनी डोळे पुसले. आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो वाकलेलाच राहिला, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी. एव्हाना त्याला स्वतःलाच ते पटलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

शेजारणी गेल्या, तो वर गेला. बाईंनी आईला पलंगावर घेतलं, पायांखाली उशी दिली. आईने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"नशीब काढलंस हो पोरी," ती म्हणाली. "पोटचा मुलगा करणार नाही एवढं केलं त्यांनी. तू जरा तुटक वागतेस त्यांच्याशी, मघाशी बघितलं मी. बरं नव्हे ते."

"हो आई," बाई म्हणाल्या.

"दमलेत ते. जा, चहा नेऊन दे वर."

बाई उठल्या आणि त्यांनी आधण ठेवलं.